'स्मृतिभ्रंश' हा शब्द आणि दोन आजारांचा इतिहास

'डिमेन्शिया'साठी मराठीत 'स्मृतिभ्रंश' हा शब्द आता रूढ झाला आहे. शब्द भारदस्त आहे, त्याला संस्कृत परंपरेचे पाठबळही आहे. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात क्रोधापासून बुद्धिनाशापर्यंत जाणारी जी साखळी सांगितली आहे तिच्यातील एक कडी म्हणून तो येतो. तेथे त्याचा अर्थ वैद्यकीय नाही, हे उघडच आहे. परंतु या शब्दाने एक गोष्ट आधीच ठरवून टाकली आहे. जे भ्रष्ट होते ती स्मृती, आणि म्हणून आजाराची खूण म्हणजे विसरणे. मूळ लॅटिन शब्दात स्मृतीचा उल्लेख नाही. तेथे 'मेन्स' म्हणजे मन किंवा बुद्धी, आणि 'दे' म्हणजे तिच्यापासून ढळणे. हिंदीने 'मनोभ्रंश' हा शब्द स्वीकारला, तो मुळाच्या अधिक जवळचा. बोलीभाषेतील 'म्हातारचळ' हा शब्द कठोर आणि काहीसा निर्दय आहे खरा, पण त्यातही चळणे आहे, केवळ विसरणे नाही.

हा शब्दच्छल वाटण्याचा संभव आहे. मात्र वृद्धापकाळातील बुद्धिऱ्हासाची दोन प्रमुख कारणे, म्हणजे अल्झायमरचा आजार आणि रक्तवाहिन्यांच्या विकारातून उद्भवणारा व्हॅस्क्युलर डिमेन्शिया, यांचा गेल्या सव्वाशे वर्षांचा इतिहास पाहिला तर असे दिसते की वैद्यकशास्त्रही दीर्घकाळ याच प्रश्नात अडकून पडले होते. बुद्धी ढळली असे कशावरून म्हणायचे? स्मरण गेले म्हणून, की विचारांची घडी विस्कटली म्हणून? या दोहोंपैकी एक खूण प्रमाण मानली की दुसऱ्या खुणेचे रुग्ण दिसेनासे होतात. व्याख्येने माणसे दृष्टीआड कशी होतात, हा प्रश्न साहित्याच्या अभ्यासकांना परका नसावा.

इतिहासाचा आरंभ अल्झायमरपासून करण्याची प्रथा आहे. तो थोडा आधीपासून करावा लागेल. मेंदूत रक्ताची गुठळी वा रक्तस्राव होऊन गेल्यानंतर माणसाची बुद्धी मंद होते, हे निरीक्षण सतराव्या शतकात इंग्लंडमधील थॉमस विलिस याने १६७२ च्या आपल्या लॅटिन ग्रंथात नोंदविले होते. मात्र एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जर्मन मनोरुग्णालयांपुढे जो प्रश्न उभा होता तो वृद्धांचा नव्हता, तो उपदंशाचा होता. उपदंश मेंदूपर्यंत पोहोचल्यावर होणाऱ्या 'सार्वदेहिक पक्षाघाता'ने, म्हणजे जनरल पॅरालिसिसने, रुग्णालये भरलेली असत आणि बुद्धिऱ्हासाचा प्रत्येक रुग्ण त्याच खात्यात जमा होत असे. १८८९ च्या जानेवारीत तुरिनमध्ये कोसळलेल्या नीत्शेला जेव्हा येना येथील रुग्णालयात आणले गेले, तेव्हा त्याच्यावरही हाच शिक्का बसला. त्या रुग्णालयाचे प्रमुख होते ओटो बिन्स्वांगर. हेच बिन्स्वांगर पाच वर्षांनी, १८९४ साली, एक दीर्घ लेख लिहितात आणि त्याचा विषय असतो सार्वदेहिक पक्षाघाताच्या सीमा आखणे. उपदंशाच्या खात्यात चुकीने जमा झालेले काही रुग्ण प्रत्यक्षात मेंदूतील रक्तवाहिन्या ताठरल्यामुळे आजारी झालेले असतात, त्यांच्या मेंदूच्या आतील पांढऱ्या भागाची हळूहळू झीज होत असते, असे त्यांचे प्रतिपादन होते. म्हणजे व्हॅस्क्युलर डिमेन्शियाची संकल्पना जन्मली ती अल्झायमरपासून वेगळी करण्यासाठी नव्हे, उपदंशापासून वेगळी करण्यासाठी. अल्झायमरचा आजार तेव्हा अस्तित्वात होता, नाव नव्हते.

आणि येथे इतिहासातील एक गमतीदार योगायोग आहे. त्याच १८९४-९५ च्या सुमारास रक्तवाहिन्या ताठरल्याने होणाऱ्या मेंदूच्या झिजेवर लिहिणाऱ्यांमध्ये फ्रांकफुर्टच्या मनोरुग्णालयातील तिशीतला एक डॉक्टर होता, त्याचे नाव अलोइस अल्झायमर. ज्याच्या नावाने आज एक आजार ओळखला जातो त्याने आधी वर्णन केले ते दुसऱ्याच आजाराचे. या रुग्णांमध्ये व्यक्तिमत्त्व बराच काळ शाबूत राहते, आपल्यात काही बिघडले आहे याची जाणीव रुग्णाला असते, हे त्याच्या काळातील निरीक्षकांच्या लक्षात आले होते. पुढे ऐंशी वर्षांनी हीच गोष्ट एका गुणतक्त्यात गुण मिळवून गेली, त्याविषयी नंतर.

२५ नोव्हेंबर १९०१ रोजी फ्रांकफुर्टच्या त्या रुग्णालयात एक्कावन्न वर्षांची एक स्त्री दाखल झाली. आऊगुस्ट डेटर तिचे नाव. पती रेल्वेत कारकून. काही महिन्यांपासून तिला पतीविषयी विनाकारण संशय येऊ लागला होता, स्वयंपाक चुकू लागला होता, घरातल्या वस्तू ती लपवून ठेवी. दुसऱ्या दिवशी अल्झायमरने तिच्याशी झालेले संभाषण प्रश्नोत्तरांच्या रूपात लिहून काढले. ती संचिका पुढे हरवली आणि १९९५ च्या डिसेंबरात फ्रांकफुर्टलाच सापडली. तिच्यातील मजकूर १९९७ साली प्रसिद्ध झाला. वैद्यकीय कागदपत्रांत इतके मर्मभेदी संवाद क्वचितच असतील. आपले नाव? आऊगुस्ट. आडनाव? आऊगुस्ट. पतीचे नाव? बहुधा आऊगुस्ट. तुमच्या पतीचे? अच्छा, माझ्या पतीचे... आणि प्रश्न कळलाच नाही अशी तिची मुद्रा. तुमचे लग्न झाले आहे? आऊगुस्टशी. दुपारच्या जेवणात तिच्या पुढ्यात फुलकोबी आणि डुकराचे मांस आहे. काय खाता आहात असे विचारल्यावर ती म्हणते, पालक. पेन, किल्ली, सिगार या वस्तू दाखवल्या तर त्यांची नावे ती बरोबर सांगते, पण थोड्या वेळाने आपल्याला काय दाखवले गेले हे तिला मुळीच आठवत नाही.

मग तिला स्वतःचे नाव लिहायला सांगितले गेले. 'श्रीमती' एवढे लिहून ती थांबते. पुढचा प्रत्येक शब्द तिला नव्याने सांगावा लागतो. अल्झायमरने या दोषाला स्मृतिलोपजन्य लेखनदोष असे नाव दिले. अक्षरे गिरवण्याची क्षमता हातात आहे. शब्द मात्र हातापर्यंत पोहोचेपर्यंत टिकत नाही. याच सुमारास ती म्हणते की मी स्वतःला हरवून बसले आहे. हे वाक्य नंतर इतक्या ठिकाणी उद्धृत झाले आहे की त्याचे आता सुभाषित झाले आहे. परंतु माझ्या मते त्या संचिकेतील अधिक महत्त्वाचा क्षण तो अर्धवट राहिलेला 'श्रीमती' हा आहे. अल्झायमरच्या आजारातील बौद्धिक हानीचे सारे स्वरूप त्या एका शब्दापुढील रिकाम्या जागेत आहे: नवी गोष्ट मनात उतरतच नाही, उतरली तरी काही क्षणांपलीकडे तेथे राहत नाही.

आऊगुस्टचा मृत्यू ८ एप्रिल १९०६ रोजी झाला. अल्झायमर तोवर क्रेपेलीनच्या हाताखाली म्युनिकला गेला होता. तिचा मेंदू त्याच्याकडे पाठवण्यात आला. चांदीच्या क्षारांनी पेशी रंगवण्याची नवी पद्धत तेव्हा उपलब्ध झाली होती. तिच्या साहाय्याने त्याला बाह्यस्तरातील पेशींमध्ये तंतूंच्या गुंतवळी दिसल्या आणि पेशींबाहेर एका अपरिचित द्रव्याचे ठिपक्यांसारखे साठे दिसले. ३ नोव्हेंबर १९०६ रोजी ट्युबिंगेन येथे भरलेल्या मनोविकारतज्ज्ञांच्या परिषदेत त्याने हे निष्कर्ष मांडले. त्यावर चर्चा झाली नाही, कोणी प्रश्नही विचारला नाही. पुढल्या वर्षी त्याचे जे छोटे टिपण छापून आले त्यात एक वाक्य आहे ज्याकडे सहसा कोणी लक्ष देत नाही. मेंदूच्या मोठ्या रक्तवाहिन्यांमध्ये ताठरपणाचे बदल आढळले, असे त्याने नोंदविले आहे. म्हणजे ज्या रुग्णेवरून 'शुद्ध' अल्झायमरची कल्पना निघाली तिच्या शवविच्छेदनाच्या नोंदीतही दुसरा आजार दाराशी उभा होता. १९९८ साली तिच्या मेंदूच्या अडीचशेहून अधिक काचपट्ट्या म्युनिकच्या एका संस्थेच्या तळघरात सापडून पुन्हा तपासल्या गेल्या, तेव्हा सूक्ष्मदर्शकाखाली रक्तवाहिन्यांच्या विकाराचा पुरावा त्यांत मिळाला नाही. अल्झायमरचे निदान टिकले. पण ज्या भागावर स्मृतीची भिस्त असते तो हिप्पोकॅम्पस त्या काचपट्ट्यांमध्ये नव्हताच!

१९१० साली क्रेपेलीनने आपल्या पाठ्यपुस्तकाच्या आठव्या आवृत्तीत 'अल्झायमरचा आजार' हे नाव घातले आणि ते कायमचे झाले. नावाच्या या घाईमागे म्युनिक आणि प्राग येथील प्रयोगशाळांची चुरस होती काय, याविषयी इतिहासकारांत तर्क आहेत. प्रागच्या ओस्कार फिशर यांनी १९०७ मध्येच बुद्धिऱ्हास झालेल्या सोळा वृद्धांचे मेंदू तपासून बारांमध्ये तसेच साठे दाखवून दिले होते. वृद्धांमधील आजार आणि आऊगुस्टचा आजार एकच आहे, या निष्कर्षाची सामग्री त्यांच्याकडे होती. पण नाव मिळाले अल्झायमरला, आणि तेही 'वार्धक्यपूर्व' आजार म्हणून, म्हणजे पन्नाशीतल्या विरळा रुग्णांपुरते. फिशर ज्यू होते; १९४२ साली तेरेझिनच्या नाझी तुरुंगात त्यांचा अंत झाला, आणि त्यांचे काम अनेक दशके विस्मृतीत गेले. विस्मृतीच्या अभ्यासकाचे असे विस्मरण हा या इतिहासातला कटू भाग आहे.

क्रेपेलीनच्या या विभागणीचा परिणाम पुढे पन्नास-साठ वर्षे टिकला. पन्नाशीत बुद्धी गेली तर अल्झायमर. सत्तरीत गेली तर म्हातारपण, आणि म्हातारपणाचे कारण म्हणजे मेंदूच्या रक्तवाहिन्या ताठरणे. डॉक्टर तेच सांगत, कुटुंबे तेच मानत. आपल्याकडेही 'मेंदूला रक्त पोहोचत नाही' हे वाक्य घराघरांत ऐकू येत असे, अजूनही येते. हे समीकरण मोडले ते इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे. ब्लेस्ड, टॉमलिन्सन आणि रॉथ यांनी वृद्धांची जिवंतपणी बौद्धिक चाचणी घेतली आणि मृत्यूनंतर त्यांचे मेंदू तपासले. १९६८ आणि १९७० साली त्यांचे निबंध प्रसिद्ध झाले. बुद्धिऱ्हास झालेल्या पन्नास वृद्धांपैकी सुमारे निम्म्यांच्या मेंदूत अल्झायमरने वर्णन केलेलेच बदल होते, तर केवळ रक्तवाहिन्यांच्या विकाराने स्पष्टीकरण देता येईल असे रुग्ण त्याहून पुष्कळच कमी निघाले. १९७६ साली अमेरिकेत रॉबर्ट कॅट्झमन यांनी एका संपादकीयात सरळच मांडले की वृद्धांचा 'सेनाइल डिमेन्शिया' आणि अल्झायमर यांत फरक करण्याचे कारण नाही. एका रात्रीत विरळा आजार लाखो लोकांचा झाला. कोणी नव्याने आजारी पडले नव्हते, फक्त शब्दाची सीमा हलली होती.

लंबक मग दुसऱ्या टोकाला गेला. रक्तवाहिन्यांचा ताठरपणा हे कारण मोडीत निघाल्यावर त्या आजाराचे उरले काय? व्लादिमिर हाचिन्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ साली उत्तर दिले: ताठरलेल्या रक्तवाहिन्यांनी बुद्धी हळूहळू उपाशी मरत नाही, मेंदूचे लहानमोठे तुकडे रक्ताअभावी मरतात आणि अशा आघातांच्या बेरजेतून बुद्धिऱ्हास होतो. त्याला त्यांनी 'मल्टि-इन्फार्क्ट डिमेन्शिया' म्हटले. १९७५ साली त्यांचा सुप्रसिद्ध गुणतक्ता आला. लक्षणे तेरा, कमाल गुण अठरा. अचानक सुरुवात, चढउतार, पक्षाघाताचा पूर्वेतिहास यांना दोन-दोन गुण. पायरी-पायरीने होणारी घसरण, रात्रीचा गोंधळ, नैराश्य, उच्च रक्तदाब, हसूरडू न आवरणे, आणि व्यक्तिमत्त्व तुलनेने शाबूत असणे यांना एकेक. सात किंवा अधिक गुण असतील तर आघातांमुळे, चार किंवा कमी असतील तर अल्झायमर. या तक्त्यात बौद्धिक क्षमतांची चाचणी एकही नाही, हे विशेष. तो चाचणीचा तक्ता नव्हता, कथानकाचा होता. आजार कसा सुरू झाला, कसा पुढे सरकला, मधे काय घडले, हे त्यात विचारलेले असे. अल्झायमरचे कथानक संथ उताराचे, दुसऱ्याचे जिन्याचे. एक पायरी खाली येणे, मग काही महिने तेथेच थांबणे, पुन्हा एक पायरी.

परंतु उतार आणि जिना यांखेरीज दोहोंतील बौद्धिक हानीतही फरक असतो काय? १९८० नंतरच्या संशोधनाने याचे जे उत्तर दिले ते भाषेच्या शिक्षकांनी लक्षपूर्वक पाहावे असे आहे. समजा, रुग्णाला दहा-बारा शब्दांची यादी ऐकवली: आंबा, सुतार, पितळ, गुलाब, इत्यादी. वीस मिनिटांनी आठवायला सांगितले तर दोन्ही आजारांचे रुग्ण अडखळतात. मग सूचना द्यायची: त्यात एक फळ होते, एक कारागीर होता. व्हॅस्क्युलर आजाराच्या रुग्णाला, विशेषतः ज्याची हानी मेंदूच्या आतल्या पांढऱ्या भागात आहे अशाला, या सूचनेचा उपयोग होतो. यादी समोर ठेवली तर तो शब्द ओळखूनही काढतो. अल्झायमरच्या रुग्णाला सूचनेचा लाभ फार थोडा होतो, उलट यादीत नसलेले फळही तो आत्मविश्वासाने सांगतो. एकाचे कोठार भरलेले आहे, पण किल्ली सापडत नाही. दुसऱ्याच्या कोठारात माल पोहोचलाच नाही. हिप्पोकॅम्पस आणि त्याच्या लगतचा बाह्यस्तर अल्झायमरमध्ये सर्वांत आधी बाधित होतो, म्हणून तसे.

दुसरी चाचणी अधिकच रोचक. एका मिनिटात प्राण्यांची नावे सांगा. नंतर एका मिनिटात अमुक ध्वनीने सुरू होणारे शब्द सांगा. पहिल्या चाचणीत शब्दांच्या अर्थजाळ्यातून फिरावे लागते, दुसरीत स्वतःच एक कृत्रिम नियम लावून शोध चालवावा लागतो, सांगितलेले शब्द टाळावे लागतात. अल्झायमरमध्ये पहिली चाचणी दुसरीपेक्षा अधिक कोसळते, कारण अर्थाचे जाळेच उसवत असते. व्हॅस्क्युलर रुग्णांत दुसरी तुलनेने अधिक खालावते, कारण शोध आखणारी, त्यावर लक्ष ठेवणारी यंत्रणा मंदावलेली असते. मेंदूचा पुढचा भाग आणि खोलवरची केंद्रे यांना जोडणारे मार्ग तुटले की विचारांचा वेग, नियोजन, एका कामावरून दुसऱ्याकडे वळणे हे सारे आधी जाते, आठवणी मागाहून. असा माणूस नातवाचा वाढदिवस सांगेल, पण वीजबिल भरण्याच्या चार पायऱ्या त्याला क्रमाने लावता येणार नाहीत.

येथे साहित्याच्या वाचकाला रोमान याकोब्सन आठवणे अपरिहार्य आहे. १९५६ सालच्या वाचाघातावरील निबंधात त्याने निवड आणि जुळणी हे भाषेचे दोन अक्ष मानून दोन प्रकारच्या भाषाहानी सांगितल्या, आणि तेथून रूपक व लक्षणा यांच्या भेदापर्यंत मजल मारली. अल्झायमरच्या रुग्णाला नेमका शब्द निवडता येत नाही, त्याच्या बोलण्यात 'ते', 'तसले', 'काहीतरी' वाढत जाते, वाक्य मात्र व्याकरणाने नीट असते. उलट बाजूला, १९८८ च्या एका तुलनात्मक अभ्यासात मल्टि-इन्फार्क्ट रुग्णांमध्ये बोलण्याची यांत्रिक बाजू, म्हणजे वेग, सूर, उच्चार, अधिक बिघडलेली आढळली, तर अल्झायमरच्या रुग्णांत भाषेची आशयबाजू. याकोब्सनची द्वंद्वे या आजारांवर जशीच्या तशी चिकटवण्याचा मोह आवरावा, कारण त्याच्यापुढे वेगळे रुग्ण होते. तरीही भाषा एकाच रीतीने मोडत नाही, ती कोठे मोडते यावरून तिची रचना कळते, हा त्याचा मुद्दा येथे खराच ठरतो.

आयरिस मर्डॉक यांच्या कादंबऱ्यांवरील काम या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. त्यांची १९५४ ची पहिली, १९७८ ची बुकर मिळवणारी आणि १९९५ ची अखेरची कादंबरी यांची तुलना २००५ साली प्रसिद्ध झाली. अखेरच्या कादंबरीत शब्दसंपदा आकसलेली आढळली. वाक्यरचना आणि एकूण बांधणी मात्र फारशी ढळलेली नव्हती. मर्डॉक यांचा अल्झायमर मृत्यूनंतर तपासणीने सिद्ध झाला होता. आजाराचे निदान होण्यापूर्वीच तो लेखनाच्या शब्दकळेत उतरला होता, हे वाचून कोणाही समीक्षकाला आपल्या शैलीविचाराकडे पुन्हा पाहावेसे वाटेल. 'उतारवयातील शैली' असे आपण जिला कौतुकाने म्हणतो, तिच्यात केवळ परिपक्वताच असते काय?

आता त्या व्याख्येकडे वळू. १९९३ साली व्हॅस्क्युलर डिमेन्शियाचे जे आंतरराष्ट्रीय निकष ठरले त्यांत स्मृतिहानी ही पहिली अट होती. तिच्या जोडीला आणखी दोन क्षमतांत बिघाड हवा. म्हणजे अल्झायमरच्या मापाने शिवलेला अंगरखा दुसऱ्याला घालण्यात आला. ज्याची स्मृती बऱ्यापैकी टिकून आहे, पण नियोजन, अवधान, विवेक हे सारे ढासळले आहे, तो व्याख्येनुसार आजारी नव्हताच. पुष्कळ काळ सर्वत्र वापरली गेलेली १९७५ ची तीस गुणांची छोटी मानसिक चाचणीही स्थळकाळाचे भान आणि स्मरण यांना भरपूर गुण देते, नियोजनाला जवळपास नाहीच. २००५ मध्ये आलेल्या मॉन्ट्रियलच्या चाचणीने ही उणीव काहीशी भरून काढली. हाचिन्स्की आदींनी १९९० च्या दशकात या साऱ्यावर कठोर टीका केली. आघातांनी होणारी हानी ती इतकी वाढेपर्यंत कोणाच्या लक्षातच येऊ नये अशी ही व्याख्या आहे, आणि हा आजार तर रक्तदाब वेळीच आवरला तर काही अंशी टाळता येण्याजोगा, असा त्यांचा युक्तिवाद होता. अखेर २०१३ च्या अमेरिकी मानसोपचार वर्गीकरणात स्मृतीची सक्तीची अट गेली, आणि व्हॅस्क्युलर प्रकारासाठी अवधान व कार्यकारी क्षमता यांचा निर्देश झाला. मधल्या वीस वर्षांत किती कुटुंबांना 'काही नाही, वयाने स्वभाव बदलतो' असे सांगून परत पाठवले गेले असेल, याची मोजदाद कोणीच केलेली नाही.

मात्र या दोन आजारांची इतकी रेखीव विभागणी करून झाल्यावर ती लगेच पुसावीही लागते. वर सांगितलेले फरक रुग्णांच्या गटांचे आहेत. एकेका माणसात ते सरमिसळ होतात. अमेरिकेतील स्कूल सिस्टर्स ऑफ नोत्र दाम या संघातील ६७८ जोगिणींनी आपले आयुष्य आणि मरणोत्तर मेंदूही संशोधनाला दिला. त्यांपैकी १०२ जणींचा अहवाल १९९७ साली आला. ६१ जणींच्या मेंदूत अल्झायमरचे निकष पूर्ण होत होते. त्यांच्यापैकी ज्यांना शिवाय लहान आघातही झालेले होते, त्यांची बुद्धी हयातीत कितीतरी अधिक ढासळलेली होती. अल्झायमर नसलेल्यांत मात्र त्याच आघातांचा परिणाम क्षीण होता. एक आजार दुसऱ्याला वाट करून देतो, असे यातून दिसले. शिकागो येथील २००७ च्या अभ्यासाने तर दाखवले की घरी राहणाऱ्या सामान्य वृद्धांमधील बुद्धिऱ्हासाच्या बहुतांश प्रकरणांत एकाहून अधिक विकार एकत्र असतात. निव्वळ रक्तवाहिन्यांच्या आजाराचे चित्र पाहायचे तर 'काडासिल' या आनुवंशिक विकाराकडे जावे लागते. त्याचे जनुक १९९६ मध्ये सापडले, आणि तो ऐन चाळिशी-पन्नाशीत प्रकटतो, म्हणजे अल्झायमरची भेसळ होण्याच्या वयाआधी. त्या रुग्णांत आधी मंदावते ती विचारांची गती आणि नियोजन. बिन्स्वांगर यांनी पांढऱ्या भागाकडे बोट दाखवले ते उगाच नव्हते.

साहित्य-सिनेमाने मात्र एकाच आजाराला जवळ केले. मर्डॉक यांच्यावर त्यांच्या पतीने लिहिलेले पुस्तक आणि त्यावरचा चित्रपट, मराठीत सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 'अस्तु', ज्यात मोहन आगाशे यांनी हत्तीमागे चालत निघून जाणाऱ्या संस्कृत पंडिताची भूमिका केली आहे: ही सारी अल्झायमरची रूपे. याचे कारण समजण्यासारखे आहे. स्मृती हाच कथनाचा कच्चा माल. ती विरत जाते हे नाट्य लेखकाला आपलेसे वाटते, आणि विद्वानाने शब्द हरवावेत यात एक शोकात्म विरोधाभास आयताच मिळतो. जिन्याने उतरणाऱ्या आजाराला असे कथानक नाही. त्यात माणूस तुम्हाला ओळखतो, नावाने हाक मारतो, जुने किस्से सांगतो. फक्त तो खुर्चीतून उठत नाही, सुरू केलेले काम अर्ध्यात सोडतो, कारण नसताना रडतो, पैशांचे निर्णय भलतेच घेतो. त्याला घरचे लोक आळशी, हट्टी, बेपर्वा म्हणतात. ज्याला आजार म्हणायचे त्याला स्वभाव म्हटले जाते. यावर कादंबरी लिहिणे कठीण आहे हे मान्य, पण ती लिहिली गेलेली नाही म्हणून तो माणूस आपल्याला दिसत नाही, हेही तितकेच खरे.

भेद करण्याला आज औषधोपचारातही महत्त्व आले आहे. मेंदूतील अल्झायमरचे साठे हटवणारी लेकानेमॅब आणि डोनानेमॅब ही प्रतिपिंडे अमेरिकेत अनुक्रमे २०२३ आणि २०२४ साली संमत झाली. ती आजार थोडा मंदावतात, पण त्यांनी मेंदूला सूज येऊ शकते, सूक्ष्म रक्तस्राव होऊ शकतात. म्हणून रक्तवाहिन्या आधीच दुबळ्या असलेल्यांना ती देताना फार जपावे लागते. दुसऱ्या आजाराला असे औषध नाही; तेथे रक्तदाब, मधुमेह, तंबाखू यांच्याशीच झुंजावे लागते.

भारतापुरते बोलायचे तर २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीच्या आधारे साठ वर्षांवरील ७.४ टक्के लोकांना, म्हणजे सुमारे ८८ लाखांना, डिमेन्शिया असल्याचा अंदाज आहे. यांतील बहुतेकांची चाचणी कधीच होत नाही, आणि झाली तरी ती कोणत्या भाषेत, कोणत्या अक्षरांत, हा प्रश्न उरतो. अमुक ध्वनीने सुरू होणारे शब्द सांगा, ही चाचणी शाळेचे तोंड न पाहिलेल्या आजीला कशी द्यायची? तिने उच्चारात शब्द ओळखला आहे, तो कोणत्या वर्णाने सुरू होतो हा विचार साक्षरतेने शिकवलेला. म्हणजे व्हॅस्क्युलर हानी ज्या चाचणीत स्पष्ट दिसते तीच आपल्याकडे सर्वांत कमी उपयोगाची. हरियाणातील बल्लभगढ येथे निरक्षर वृद्धांसाठी १९९५ मध्ये हिंदीत जी चाचणी तयार झाली तिच्यात वाचून कृती करण्याऐवजी, माझ्या चेहऱ्याकडे पाहा आणि मी करतो तसे करा, असे म्हणून परीक्षक डोळे मिटतो. आणि वाक्य लिहायला सांगण्याऐवजी, आपल्या घराविषयी काहीतरी सांगा, असे म्हणतो.

हैदराबादच्या निझाम्स इन्स्टिट्यूटमधील सुवर्णा अल्लादी आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा २०१३ चा अभ्यास याच भूमीतला. ६४८ रुग्णांपैकी ज्यांना एकाहून अधिक भाषा येत होत्या त्यांच्यात आजाराची लक्षणे सरासरी साडेचार वर्षे उशिरा दिसू लागली. शिक्षणाचा हा परिणाम म्हणावा तर निरक्षरांतही तेच आढळले: तेलुगू घरात, दखनी बाजारात, एवढी भाषांची ये-जा पुरेशी होती. आणि हा विलंब अल्झायमरमध्ये होता तसाच व्हॅस्क्युलर डिमेन्शियातही होता.